सत्तर केल्विन

थंड व्हायला नऊ दिवस, पुन्हा ऊब यायला पाच.
म्हणजे एक चूक दोन आठवड्यांची,
असा बेरेन्ड हिशोब मांडतो
आणि कॉफीत साखर टाकायला विसरतो.

बाहेर ड्रेन्थेची सपाट शेतं, बटाटे काढून झालेली,
कालव्यावर पातळ बर्फ, अजून पाय ठेवण्याजोगं नाही.
आत पंपाची चिवचिव, चिवचिव,
आता झोपेतही तीच.

या कॅमेऱ्याला ऊब दिसते.
म्हणून आधी त्याचीच ऊब काढून घ्यायची,
नाहीतर आकाशाकडे तोंड करून
तो स्वतःलाच बघत बसेल.
माणसांतही असतात असे, वीत्स्के म्हणाली,
नाव न घेता.

सोन्याचा मुलामा दिलेले आरसे
आम्ही हातमोजे घालून बसवले, श्वास बाजूला सोडत.
अंगठ्याचा ठसा एकदा उमटला
की तो तिथला कायमचा भाडेकरू.

दहाव्या दिवशी आतलं झाकण लावून पहिलं चित्र घेतलं.
काळं यायला हवं होतं.
आलंही काळंच, पण डाव्या कोपऱ्यात
नखाच्या कोरीएवढा उजेड.

वीत्स्केने खोलीतले दिवे मालवले. तरी होता.
दिव्यांचं काय घेऊन बसलात,
भिंती, टेबल, आम्ही चौघं,
त्याच्या लेखी सगळेच उजळत होतो.
बेरेन्ड काचेसमोरून हटला, कोर किंचित फिकी झाली.
परत आला, ठळक.
साठी उलटलेला माणूस, जन्मात पहिल्यांदा
कुणाला तरी इतका तेजस्वी दिसला.

पाच दिवस थांबलो. उघडलं.
आतल्या कवचाला बत्तीस भोकं, एकतीस स्क्रू.
बत्तिसावा हिल्केच्या एप्रनच्या खिशात,
पेपरमिंटच्या कागदात गुंडाळलेला,
हरवू नये म्हणून.

कुणी ओरडलं नाही.
हिल्केच खिडकीशी जाऊन उभा राहिला
बराच वेळ, पाठमोरा.

मग पुन्हा नऊ दिवस. चिवचिव.
मधे कालवा गोठला, मुलं स्केट्स घेऊन आली,
एक पडलं, उठलं, पुन्हा पडलं.

काल रात्री दोन वाजता दुसरं चित्र.
कोपरे तपासले, उजळवून पाहिलं, ताणून पाहिलं.
काहीच नाही.
इतकं स्वच्छ, इतकं नीटस काहीच नाही
की वीत्स्केने टाळी वाजवली आणि लाजली.

मार्चमध्ये पेटी चिलीला निघेल,
वाळवंटातल्या डोंगरावर, त्या मोठ्या आरशाखाली.
तिथे जे दिसेल ते दुसरेच कुणी पाहतील.
हिल्के घरी जाताना
अजून खिसे चाचपतो.