सूट

कार्यालयातल्या बाईंनी फॉर्मवर शिक्का मारला: सूट.
गणिताचं एक वर्ष
रसायनाच्या एका वर्षाऐवजी चालवून घेतलं.
म्हापशाहून आगरवाड्याला येताना बसमध्ये
तो कागद मी दोनदा उघडून पाहिला.
फुकट मिळालेल्या वस्तूला
खालून भोक असतं, असं आमच्यात म्हणतात.

जूनमध्ये थेट सेंद्रिय.
आज एप्रिलची अकरा तारीख.

बोर्जिस सर निवृत्त आहेत, फी घेत नाहीत,
मासे आणलेले चालतात.
पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं,
मोल म्हणजे काय?
मी म्हटलं, पुढच्या वर्षी सांगते.
ते हसले नाहीत.
म्हणाले, तू दुसऱ्या मजल्यावर राहायला आलीस
आणि जिना मागच्या वर्षी होता.

मग सगळे मला तेच सांगायला लागले:
तुला काय कठीण, तू मिठागरातली!
रेनाल्डिना म्हणाली, सरांची सून म्हणाली,
बसचा कंडक्टरही म्हणाला.
मीठ मला माहीत आहे.
टाचेच्या भेगेत ते कसं बोलतं ते माहीत आहे,
दुपारी तीनला त्याच्याकडे का बघू नये ते माहीत आहे.
सोडियमनं क्लोरिनला काय दिलं
हे आमच्या घरात कधी कोणी विचारलं नाही.

रात्री बाबा पुस्तकात डोकावले.
कितें गो तें?
सहाच्या पुढं तेवीस आकडे, बाबा. एवढे कण.
ते विडी शोधत म्हणाले,
दाणे कोण मोजतो? कुडव मोजायचा.
आणि झोपायला गेले.

मी उठले, स्वयंपाकघरात काट्यावर
साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ तोललं.
एक मूठ, वर थोडं.
बराच वेळ मूठ उघडली नाही.

तेवढ्यानं मात्र काही झालं नाही.
दुसऱ्या दिवशी बाण आले, वाकडे,
इलेक्ट्रॉन कुठून निघून कुठं जातात ते दाखवणारे.
मी सगळे उलटे काढले, हायड्रोजनच्या धन आयनापासून.
सरांनी पेन्सिलीनं कडेला लिहिलं:
त्याच्याकडे द्यायला आहे काय?

संध्याकाळी भरतीला मानशीचं दार बघायला गेले.
खाडी फुगत होती, फळ्यांना पाणी ढुशा देत होतं.
बांधावर बसून
ओल्या मातीत काडीनं बाण काढले,
शेपूट जिथं आहे तिथं, टोक जिथं नाही तिथं.
सात बरोबर आले असावेत.
आठवा खेकडा घेऊन गेला.

मीठ सोपं होतं, आता कळतं.
एक देऊन मोकळा, दुसरा घेऊन मोकळा,
आणि पाण्यात पडले की दोघं दोन वाटांना.
कार्बन तसं करत नाही.
त्याचे चार हात, आणि प्रत्येक हाताला
दोघांचं मिळून काहीतरी धरलेलं.
आमच्या आगराच्या सातबाऱ्यासारखं:
बाबा, दोन काका, पुण्याची आत्या.
कोणी सोडत नाही म्हणून टिकलंय.
काका गेल्या वर्षी सोडायला निघाला होता,
हॉटेलवाला येऊन फीत लावून गेला होता.
तो भाग अजून संपलेला नाही.
रसायनात त्याला काय म्हणतात
तिथवर मी पोचलेले नाही.

इंग्रजी पुस्तकाच्या कडेला मी मराठीत लिहिते.
बंध लिहायचं असतं,
हात सवयीनं काना देतो, बांध होतो.
पहिल्या प्रकरणात अकरा वेळा खोडलं.
दुसऱ्यापासून
तसंच ठेवायला लागले.
सरांनी ते वाचलं, चष्मा पुसला,
आणि म्हणाले, उद्या आम्ल आणि आम्लारी.
तेही गेल्या वर्षीचं.

पहाटे चारला कोंडीत फळी ओढायची आहे.
पाण्यावर साय धरली असेल,
पातळ, बोट लावलं की बुडणारी.
नवव्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकामागं छापलेलं नाही.
पिशवीत दोन्ही ठेवलंय,
पुस्तक वर, तळवे जळतात त्यावरचं खोबरेल खाली,
झाकण घट्ट आहे का
ते पुन्हा एकदा बघायला हवं.