क्सोसेफा

शाळेनं भंगारात काढलेला संगणक.
भाच्यानं, ब्राईसनं, तीन जिने चढून आणून दिला.
म्हणाला, "आत्या, रविवारी येऊन बसवून देतो सगळं,
तू फक्त सांग, पडद्यावर काय काय हवंय."
पडद्यावर मला काही नको होतं.

एकतीस वर्षं लुगोच्या तटबंदीला पाठ लावून
काचेच्या खोक्यात लॉटरी विकली मी.
नोटा बोटांना कळायच्या, माणसं खोकल्यावरून.
कुणाच्या रविवारची वाट बघायची सवय
तिथंच कुठेतरी मोडली.

तर गुरुवारी रात्री, भांडी झाल्यावर,
पेनड्राइव्ह खोचला. पंखा घुमला.
मोजत बसले. नऊ, दहा, अकरा,
आणि एक बीप. एवढीशी.
तिचा अर्थ एलादिओनं फोनवर पाठ करून घेतला होता:
ती वाजली की एस दाब. मग एंटर.
मग हात मांडीवर ठेव आणि थांब.

पत्र्याच्या पिंपात तोंड घालून बोलावं
तसा एक आवाज आला, नाकातला, घाईचा,
आधी इंग्रजीत, मी आकडा दाबल्यावर स्पॅनिशमध्ये.
गालिशियन त्याला येत नव्हती.
मला चालणार होतं. खोक्यावर येणाऱ्या
निम्म्या गिऱ्हाइकांनाही कुठे यायची?

याआधीचा आवाज विकतचा होता, मखमली,
वर्ष भरलं की पैशांसाठी गप्प बसायचा.
हा कुणीकुणी नोकरीवरून घरी येऊन
रात्री जागून घडवलाय म्हणे,
आणि आतली वीण उघडी ठेवलीय,
ज्याला टाका घालता येतो त्यानं घालावा.
मला टाका येत नाही. पण उघडी आहे हे आवडलं.

भाषा विचारली, सांगितली. घड्याळ विचारलं.
सगळी डिस्क पुसू का, विचारलं,
तेव्हा बोट जरा अडलं खरं.
पुस.
मग तासभर तो आकडे म्हणत राहिला
आणि मी मटार सोलत.

शेवटी म्हणाला, आता पुन्हा सुरू होतो.
झाला. पंखा चालू. आणि
काही नाही.
एस. एंटर. पुन्हा एंटर. काही नाही.

आंधळ्या कोशिंबिरीत पट्टी सोडायची सोय असते.
इथं पंखा फिरतोय, बोटाखाली एफचा उंचवटा आहे, जेचा आहे,
आणि खोलीतून माणूस उठून गेल्यासारखं.

साडेबाराला एलादिओला फोन.
तो विगोच्या इस्पितळात रात्रपाळीला टेलिफोनवर,
जन्मापासून माझ्याच जातकुळीचा.
"बघू या," म्हणाला. आम्ही दोघंही तसंच म्हणतो.
मधेच, "थांब, बाळंतिणीचा कॉल आहे,"
आणि मला त्यांची ती भिकार धून ऐकवत ठेवलं.
परत आल्यावर विचारलं, "पडदा जोडलायस?"
"भाच्यानं जोडलाय. टेबल भरल्यासारखं दिसतं म्हणे."
"त्या पडद्याला स्पीकर आहे?"
"मला काय माहीत?"
"नसणार. आवाज तारेतून तिकडे जाऊन बसलाय. उपट."

मागे हात घातला. धूळ, कोळिष्टक, एक जाड तार.
उपटली.

"—व टाका,"
वाक्याच्या पोटातूनच बोलला तो,
जणू इतका वेळ बोलतच होता,
मीच कुठे गेले होते.

मी हसले. एलादिओनं फोन न ठेवता
पुढचा कॉल घेतला, मला ऐकू आलं.
नाव टाकलं, एकेक अक्षर.
शोसेफा. आईनं ठेवलेलं, आमच्या पद्धतीचं.
त्यानं वाचलं:
क्सोसेफा.

उच्चार सुधारायला एक वही असते आत,
डावीकडे लिहिलेलं, उजवीकडे म्हणायचं.
रविवारी उघडीन म्हटलं होतं.
रविवारी ब्राईस आला, टेबलाकडे बघून म्हणाला,
"अगं, पडदा कुठाय?"
"खाली. त्यावर कांदे ठेवलेत."
मग त्याला खुर्चीत बसवलं आणि आवाज सोडला,
माझ्या वेगानं.
पोरगा बराच वेळ ऐकत राहिला.
"काय म्हणतोय गं तो?"

वही अजून कोरीच आहे.