शेरा

वही माझ्याकडं आहे.
द्राक्षाच्या औषधवाल्या कंपनीनं फुकट दिलेली,
मलपृष्ठावर फवारणीचं वेळापत्रक,
आत आमच्या बागेच्या पाळ्या.

बाग म्हणजे द्राक्षाची नव्हे.
निफाडात बाग म्हटलं की माणूस
आधी भाव विचारतो.
हिला भाव नाही.
कादवेच्या उतारावरचे हे बावीस गुंठे,
जिथं परवापरवापर्यंत
चौदा घरांचे चौदा उकिरडे होते
आणि आपला उकिरडा कुठवर
हे ज्याला त्याला इंचात पाठ होतं.

कुंपणाला मोडलेल्या बागांचे गंजके अँगल.
पाण्याला कुणाकुणाच्या जुन्या नळ्या,
त्यांचे बुजलेले ड्रिपर ठकूबाई
अंबाड्यातल्या पिनेनं उघडते
आणि पीन पुन्हा अंबाड्यात खोचते.
लॉन लावू म्हणणारे दोघं होते.
हमीदाबी म्हणाली, लावा की,
माझ्या शेळ्या कधीच्या विचारतायत.
ठराव झालाच नाही त्या दिवशी, नुसतं हसू झालं.
मग करंज लावले.
करंजाला शेळी तोंड लावत नाही.

छाटणीला पेठकडची माणसं येतात,
दुपारी इथंच भाकरी सोडतात.
त्यांतल्या एका बाईनं आमचा मोह पाहिला,
फांदी वाकवली, पान चुरगाळून हुंगलं,
म्हणाली, ह्यो मोह नव्हं.
नर्सरीवाल्यानं दुसरंच काही दिलेलं.
दोन वर्षं आम्ही त्याला
मोह म्हणून पाणी घालत होतो.
अजून मोहच म्हणतो.
आता तोही ऐकतो.

थ्री फेज एक आठवडा दिवसा,
एक आठवडा रात्री.
रात्री म्हणजे दीडला येते, कधी अडीचला,
आणि पलीकडं ऊस, आणि उसात बिबट्या,
म्हणून नियम केला: रात्रपाळीला जोडी.

रंगनाथ रायते आणि कारभारी रायते.
चुलतभाऊ. बांधावरनं अकरा वर्षं कोर्टात.
तारखेला एकाच एसटीनं नाशकाला जातात,
एक ड्रायव्हरच्या मागं,
एक पार शेवटच्या बाकावर.
जोडी आडनावांच्या क्रमानं लागली,
असं मी विचारणाऱ्याला सांगतो.

डिसेंबरची रात्र, पारा चारवर उतरलेला.
लोकांनी द्राक्षाच्या ओळींतून शेकोट्या पेटवलेल्या,
घडांना ऊब म्हणून. माणसं त्यावर हात शेकून घेतात.
ह्या दोघांपैकी एकाच्या हातात बॅटरी,
दुसऱ्याच्या हातात नळी.
नळी जाईल तिथं उजेड गेला पाहिजे.
बोलल्याशिवाय हे कसं जमतं?
खोकून.
एक खोकला म्हणजे पुढं,
दोन म्हणजे आळं भरलं.

उसात खसफसलं तेव्हा, म्हणे,
दोघं एकाच करंजाला पाठ टेकून उभे राहिले.
करंज माझ्या मनगटाएवढा आहे.
म्हणे कोण? दोघांनीही नाही सांगितलं.
पण सकाळी त्या झाडाखालच्या चिखलात
चार टाचा होत्या, चारी दिशांना पंजे नव्हते.
कुत्रं असेल. ससा असेल.

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तिथं लोक काहीबाही लिहून घेतात:
लाईट आली नाही.
नळी उंदरानं कुरतडली.
सुनेला पाठवलं होतं, धरावं.
त्या रात्रीपुढं मी लिहिलं:
दोघे आले. तीन ओळी भिजल्या.
मोहाला पाणी जास्त झालं.

त्यांची पुढची पाळी सोळाच्या रात्री.
सतराला कोर्ट, सहाची एसटी.
काल कारभारी दारात चप्पल न काढता उभा,
पाळी पुढं ढकलून मिळंल का?
मी म्हटलं, बघतो.
तो वळला आणि अर्ध्या तासानं रंगनाथ.
तेच विचारायला, तसाच उभा.

दुसरा जोडीदार देऊ का, हे मी
दोघांनाही विचारून पाहिलं.
एकानं कुंपणाकडं बघितलं,
एकानं नुसतं, नको, कशाला.

एकोणीस लिहिलीय. पेन्सिलीनं.