अनुभवाचा रकाना

अर्जात एक रकाना आहे : अनुभव, वर्षांत.
मी लिहिते, नऊ.
काउंटरवरचा पोरगा वर बघतो, परत अर्जाकडे,
म्हणतो, मावशी, हे सेमीकंडक्टरचं आहे,
शिवणकामाचं पलीकडच्या खिडकीत.

त्याचं तरी काय चुकलं?
त्याच्या मागे फलक आहे : देशात प्रथमच.

सातपूरला, त्र्यंबक रोडच्या अलीकडे,
पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बावीस जणी
मायक्रोस्कोपला डोळे लावून सोन्याची तार जोडायचो,
केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी,
कणीपेक्षा बारक्या चिपवर, इथून तिथं.
पावडर लावून यायचं नाही. गजरा नाही.
शिंक आली तर आधी खुर्ची मागे, मग शिंक.
निरभवणेबाईंना तर श्वास कधी सोडायचा तेही पाठ होतं :
तार टेकल्यावर. आधी नाही.

मग एका बजेटनंतर
बाहेरचे ट्रान्झिस्टर आले, किलोवर.
किलोवर! आम्ही नगावर मोजायचो.
कुलथेसाहेबांनी मशिनं भंगारात काढली त्या दिवशी
भंगारवाल्यानं आधी विचारलं, यात सोनं किती निघेल?
तेवढं एक धोरण आम्हाला लगेच समजलं.

आता नवं आलंय.
निम्मा खर्च सरकारचा, जमीन सिन्नरकडे, वीज सवलतीत.
पाणी म्हणे इतकं शुद्ध लागतं
की माणसानं ते पिऊ नये.
हे आमच्या गंगेला कोण सांगणार,
ती रामकुंडावर सगळ्यांचं सगळं पोटात घेते.

येईल, तेही येईल. मशिनं येतील, पांढरे झगे येतील,
कोनशिलेवर नावं मावणार नाहीत.
फक्त त्या चोपन्न पानांत कुठं लिहिलेलं नाही
हात स्थिर व्हायला किती वर्षं लागतात
आणि शेड बंद झाल्यावर
तो हात पुढं काय करतो.
(माझ्यानं पापड लाटले. सगळे एका जाडीचे.)

वयाची अट पस्तीस, पोरगा म्हणतो.
मी शिकायला नाही आले, मी म्हणते.
शिकवायला डिग्री लागते, तो म्हणतो,
आणि जरा ओशाळून, ठेवतो हां, म्हणत
माझा अर्ज 'इतर'च्या फायलीत सरकवतो.

तिथं वरच एक कागद आहे.
अक्षर ओळखीचं, उजवीकडे कललेलं.
निरभवणे, द्वारका विठोबा. अनुभव : अकरा.

अकरा कुठले! साडेदहा.
तेव्हापासूनच वाढवून सांगायची.