डावं दार

पुन्ता अरेनासचा वारा दार धड उघडू देत नाही,
म्हणून गाडी लोकरीच्या गोदामाआड लावली.
"डावीकडचा स्पीकर मेलाय," एलेउतेरिओ म्हणाले,
"दोन हिवाळे झाले."

माइतेनं पॅनल ओढलं. दोन क्लिपा तुटल्या.
आत ओलसर प्लास्टिक, वाळकी माशी, एक नाणं.
दुकानातला महागडा जोड तिनं नाकारला होता:
चुंबक जाड, काच खाली आली की त्यावर आदळेल.
घेतला बेताचा, साडेसहा इंची,
आणि खाली बसवायला प्लायवूडची कडी
स्वतः कापून आणलेली, जरा वाकडीच.

जुना सुटला. सवयीनं तिनं
त्याच्या टोकांना पेन्सिल सेल टेकवला.
टक्.
कागदी शंकू पुढे आला, मागे गेला.
ठणठणीत.

बाप डावा कान तिच्याकडे करून उभा.
"बघ. काहीच नाही."
"हो," ती म्हणाली, "गेलाच हा."

नवा बसवला. चार स्क्रू, दोन तारा.
मग रेडिओ जुळवताना
आवाज हळूच उजवीकडे सरकवला,
नखाएवढा.

ते सामुद्रधुनीपर्यंत जाऊन आले.
"आता कसं!" म्हणत दारावर थाप मारली.

जुना तिनं फेकला नाही.
वर्तमानपत्रात गुंडाळला,
जपून, झोपलेल्याला उचलावं तसा.