चार मीटर वीस

वरच्या मजल्यावर तेओदोराने भिंत पाडायला घेतली
आणि माझ्या कॉफीत चुना पडला.
चपला न घालताच जिना चढले, भांडायच्या तयारीने.
हातात हातोडा, केसांत धूळ; ती म्हणाली,
घाबरू नका, विदोसावा मावशी,
ही भिंत काहीच पेलत नाही.

मला सांगतेस?
माझा बाप या ब्लॉकच्या तारा ओढणाऱ्यांतला.

सावा नदीच्या या काठाला तेव्हा नुसती रेती,
दलदलीवर पसरलेली; वारं सुटलं की पावात यायची.
ट्रकवरून खांब यायचे, तीन तीन मजल्यांचा एकेक,
मागून लाद्या, खोलीएवढ्या,
पाठीवर नंबर, गुरांना डाग द्यावा तसे.
खांबापासून खांब चार मीटर वीस.
मीटर म्हणजे काय ते कळायच्या आधी
मला हा आकडा पाठ होता.

लादी उचलून खांबांच्या मधोमध टेकूंवर ठेवायची,
फटींत माल भरायचा, तो धरेपर्यंत थांबायचं.
मग खांबांच्या भोकांतून पोलादी तारा
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि जॅक लावून ओढायच्या.
किती ओढायच्या?
बाप म्हणायचा, तार बोलायला लागेपर्यंत.
मग टेकू काढायचा.
खाली तुळई नाही, बोटभर खाचसुद्धा नाही.
खांबांनी लादीला नुसतं आवळून धरलेलं.

पहिल्या वेळी सगळ्यांना बाहेर काढून
टेकू सोडवायला दोब्रिवोये एकटाच आत राहिला,
हे आईला वीस वर्षांनी कळलं.
तिने दोन दिवस अबोला धरला.

हेच आकडे घेऊन तो पुढे लुआंडाला गेला.
पत्रांत हवापाणी, मलेरिया, आणि एकदा:
इथेही चार मीटर वीस.
रात्री उठलो तर दार कुठे ते हाताला माहीत असतं.
ओढ हा शब्द
त्याने तारांखेरीज कशालाच वापरला नाही.

देशाचे सांधे निखळले ते नंतर.
ज्या वसंतात रात्रभर भोंगे वाजायचे
त्या वसंतात काचा गेल्या,
लादी जागची हलली नाही.
तिच्यावर गाद्या टाकून आम्ही झोपलो. झोपलो म्हणजे, पडून राहिलो.

परवा कॉलेजची पोरं आली.
वैद्याने छातीला लावावं तसं खांबाला यंत्र लावलं.
विचारत होती, हे सगळं सोडवून
दुसरीकडे पुन्हा उभं करता येईल का?
नवं सिमेंट भाजणं आता जगाला परवडत नाही म्हणे.
मी म्हटलं, नटबोल्ट असते तर सोपं होतं.
इथे एक तार सोडायची
तर शेजारच्या सगळ्या खोल्यांना विचारावं लागेल.
त्यांनी ते लिहून घेतलं.

तेओदोराची भिंत संध्याकाळपर्यंत पडली.
दोन खोल्यांची एक झाली,
पाळण्यापर्यंत ऊन पोचलं.
आणि खांबाची एक बाजू उघडी पडली,
पन्नास वर्षं भिंतीआड राहिलेली.
तिच्यावर सुताराच्या पेन्सिलीने, वाकडं:
ओढून झालं. गुरुवार. जेवायचं राहिलं.

कुणाचं अक्षर ते मी बोलले नाही.
एवढंच विचारलं,
इथे रंग कुठला देणार आहेस?