हरकत

वकिलांनी पेन्सिलनं बारक्या फुल्या केल्यात
जिथं जिथं मी सही करायची तिथं.
सात पानं, सात फुल्या. आठवी अंगठ्याची.
सांगलीत, विजयनगरला, कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात
प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाचते:
‘मयत चंद्राबाई सुकुमार मगदूम
यांच्या मृत्युपत्राचे प्रोबेट अर्जदारास मिळणेस
माझी कोणतीही हरकत नाही.’

अर्जदार म्हणजे भरतेश. माझा धाकटा.
बाहेर मोटरसायकलला टेकून
फोनवर नसताना फोनवर असल्यासारखा उभा.

काही हरकत नाही.
हे तर आईचंच वाक्य.
दूध उतू गेलं, काही हरकत नाही.
मुकादमानं पोत्यामागं आठ आणे कापले,
म्हणाला पुढच्या हप्त्याला बघू, काही हरकत नाही.
माझ्या लग्नात पाहुण्यांनी तिसऱ्यांदा यादी वाढवली
तेव्हा ती आत जाऊन तांब्याभर पाणी प्याली
आणि बाहेर येऊन तेच.

आता ते पाचशेच्या स्टँपवर.

घर भरतेशला. पाटल्या कुसुमला.
कलम पाच: ‘मुलगी त्रिशला नोकरीस असून
तिचे तिला पुरते, सबब तिला काही ठेवलेले नाही.’
सबब हा शब्द टायपिस्टचा असणार.
पण ‘तिचं तिला पुरतं’ हे तिचं.
शेजारणीला सांगताना ऐकलंय मी,
मान जराशी वर.

वाटलं होतं, इथं दुखेल.
दुखलं वरच, पहिल्या ओळीत:
‘वय ७१, धंदा घरकाम.’

घरकाम?
साहेब, एकतीस वर्षं ती मार्केट यार्डात
हळद निवडत होती.
कांडी कानाशी मोडून सांगायची, ओल किती.
डोक्यावरनं न्हायली तरी नखांच्या कडा पिवळ्या.
आमच्या वह्यांच्या कोपऱ्यांवर, रेशनकार्डावर,
दर महिन्याच्या लाइटबिलावर तिचा अंगठा,
शाई न लावता उठलेला.

वकील चांगले होते. चष्मा कपाळावर घेऊन म्हणाले,
ताई, मृत्युपत्रातला काना-मात्रा आता हलत नाही,
हलवणारी गेली.
आणि धंद्यानं कोर्टाला काही फरक पडत नाही.

मग मी माझं पान बघितलं.
‘सौ. त्रिशला अजित उपाध्ये, वय ४९, धंदा घरकाम.’

एकवीस वर्षं तासगाव आगारात कंडक्टर आहे मी.
बिल्ला पर्समध्येच होता, काउंटरवर ठेवला.
कॉम्प्युटरवरचा पोरगा कुरकुरला,
पान परत काढलं, दहा रुपये.
सुट्टे दिले.

सह्या केल्या. अंगठा दिला.
नोटरीनं शिक्का दोनदा आपटला,
पहिला फिकट उठला म्हणून.

भरतेश आत आला. अक्का, वाचलंस सगळं?
वाचलं.
मग?
आईचा धंदा चुकलाय, म्हटलं.

तो स्टँपपेपरच्या गठ्ठ्याकडं बघत राहिला.
मीच सांगितलं तसं लिहायला, म्हणाला.
वकिलांनी विचारलं, मला पटकन सुचेना.
ती शेजारीच बसली होती अक्का.
घरकाम लिहू का, विचारलं मी तिला.
ती म्हणाली…

कळलं, म्हटलं. पुढचं नको सांगू.

चहा घेतला आम्ही, उभ्यानंच.
पैसे त्यानं दिले. मी दिऊ दिले.

सकाळी सहा चाळीसची विटा गाडी.
अंगठ्याच्या कडेला निळं अजून होतं.
मणेराजुरीला एक बाई चढली, कडेवर पोर,
दोन रुपये कमी आहेत, म्हणाली, चालतंय न्हवं?
नाही चालत. बघा पिशवीत.
बघितलं तिनं.
होते.